लेख संग्रहात आहे, शोधात नाही: ‘किनाऱ्यावरचे पक्षी’ या एका क्वेरीचा प्रकरण अभ्यास

एका मराठी मासिकाचा डिजिटल संग्रह. मजकूर तीन वाटांनी आलेला. अलीकडचे अंक थेट युनिकोडमध्ये टाइप झालेले. त्याआधीचे डीटीपीच्या फाइलींतून आलेले, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड केलेला. त्याहून जुने अंक छापील, स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचलेले. या सगळ्यावर ल्युसीन या खुल्या शोध-लायब्ररीच्या पायावर उभे असलेले सर्च इंजिन, मजकुराचे शब्द, म्हणजे टोकने, पाडणारा स्टँडर्ड टोकनायझर, निकालांचा क्रम लावणारे बीएम२५ रँकिंग, आणि क्वेरीतला प्रत्येक शब्द सापडलाच पाहिजे अशी अट.

वाचक फोनवरून ‘किनाऱ्यावरचे पक्षी’ टाइप करतो. उत्तर येते: काहीही सापडले नाही. त्याच संग्रहात ‘समुद्रकिनार्‍यावरील पक्षी’ या मथळ्याचा लेख आहे, अनुक्रमणिकेतून तो उघडतोही. अशा वेळी बैठकीत पहिली सूचना हमखास ठरलेली असते: हे सर्च जुने झाले, एआयवाले बसवा. ती सूचना चूक नाही, पण तिची वेळ चुकलेली आहे. शून्य निकाल हा बहुतेक वेळा रँकिंगचा दोष नसतो. रँकिंगपर्यंत लेख पोहोचलेलाच नसतो.

इंजिनच्या नजरेने पाहिले तर क्वेरीतले ‘किनाऱ्यावरचे’ आणि मथळ्यातले ‘समुद्रकिनार्‍यावरील’ ही दोन टोकने तीन ठिकाणी वेगळी आहेत. आतली अक्षरे वेगळी साठवलेली आहेत, शेवटचे प्रत्यय वेगळे आहेत, आणि एक शब्द सामासिक आहे. दुरुस्ती याच क्रमाने करावी लागते, कारण खालचा थर कच्चा असला की वरचे नियम चुकीच्या अक्षरांवर चालतात.

आधी कोडपॉइंट छापून पाहा

पडद्यावर दोन शब्द हुबेहूब दिसतात म्हणजे ते एकच आहेत असे नाही. अशा तक्रारीत पहिले काम एकच: क्वेरी आणि मथळा, दोन्हींचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोडमधले क्रमांक, एकेक करून छापायचे. ‘किनाऱ्यावर’ एवढाच तुकडा अशा संग्रहात चार रूपांत निघतो.

पहिले रूप ऱ (०९३१) + हलन्त + य. पूर्ण तुकड्याचे १० कोडपॉइंट, यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट. दुसरे रूप साधा र (०९३०) + नुक्ता + हलन्त + य, म्हणजे ११ कोडपॉइंट, ३३ बाइट. तिसरे र + हलन्त + झीरो विड्थ जॉइनर (२००डी) + य. हेही ११ कोडपॉइंट, ३३ बाइट, आणि त्यातला एक अदृश्य. जुन्या कीबोर्डांतून आणि कन्व्हर्टरमधून हे रूप भरपूर आले आहे. चौथे रूप र + हलन्त + य, तो अदृश्य जॉइनर नसलेले. हे मात्र डोळ्यांनाही वेगळे दिसते: ‘किनार्यावर’, डोक्यावर रफार घेतलेले. टाइप करणाऱ्याला ऱ सापडला नाही की असे होते. एखाद्या सॉफ्टवेअरने ‘अनावश्यक’ अदृश्य चिन्हे झाडून टाकली तरी असेच होते.

युनिकोडचे प्रमाण रूप, म्हणजे एनएफसी, यातली फक्त पहिली दोन एक करते. ऱ आणि र + नुक्ता हे प्रमाणानुसार समतुल्य आहेत. जॉइनरवाले रूप नाही. त्यामुळे ‘आम्ही नॉर्मलायझेशन लावले आहे’ हे उत्तर ऐकून इथे समाधान मानू नये.

त्याहून वाईट सापळा आयसीयू या युनिकोड-लायब्ररीच्या नॉर्मलायझरमध्ये आहे. त्याचा डीफॉल्ट प्रकार एनएफकेसी-केसफोल्ड हा दुर्लक्ष करण्याजोगी मानलेली चिन्हे काढून टाकतो, आणि झीरो विड्थ जॉइनर त्याच यादीत आहे. तो सर्वांत आधी लावला की तिसऱ्या रूपातला जॉइनर जातो आणि मागे उरते चौथे रूप. चूक सुधारायला गेलो आणि सुधारण्याची खूणच पुसली, असा हा प्रकार. मग मूळ मजकुरातून इंडेक्स, म्हणजे शोधाची शब्दसूची, पुन्हा बांधण्यावाचून इलाज राहत नाही.

म्हणून क्रम असा: आधी एनएफसी. मग टोकनायझरच्याही आधी मॅपिंग कॅरेक्टर फिल्टर, ज्यात ‘र + हलन्त + जॉइनर’ हे ‘ऱ + हलन्त’ होईल. नियम य आणि ह या दोन्हींपुढे लागला पाहिजे, नाहीतर वऱ्हाड, तऱ्हा, गऱ्हाणे हे शब्द मागे राहतात. हे झाल्यावरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढायचे.

चौथ्या रूपासाठी सरसकट नियम करू नये. ‘र्या’ दिसला की ‘ऱ्या’ करा असे लिहिले की दर्या आणि दऱ्या एक होतात, आचार्यांना आणि आचाऱ्यांना एक होतात. समुद्राविषयीच्या संग्रहात दर्या आणि दऱ्या एक करणे म्हणजे नवा गोंधळ ओढवून घेणे. चौथ्या रूपासाठी वेगळे, सैल फील्ड ठेवायचे, त्याबद्दल पुढे.

त्याच मॅपिंग फाइलमध्ये आणखी काही ओळी जातात, आणि त्या डीटीपीतून आलेल्या मजकुरासाठी फार लागतात. ॲ हे अक्षर (०९७२) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यामुळे ‘ॲप’, अ वर चंद्र देऊन केलेले ‘अॅप’ आणि हिंदी कीबोर्डवरचे ‘ऍप’ अशी तीन रूपे एकाच अंकात सापडू शकतात. एनएफसी यातले काहीही एक करत नाही. ‘डॉक्टर’ हा शब्द काना आणि चंद्र अशा दोन सुट्या चिन्हांनी ‘डाॅक्टर’ असा साठवलेला असतो. ‘होते’ हा काना आणि मात्रा सुटे ठेवून ‘हाेते’. ‘ऑ’ ऐवजी आ + चंद्र. हे सगळे जोडीजोडीने नोंदवायचे. आकड्यांचेही तेच: १९९५ देवनागरीत आणि रोमन अंकांत लिहिलेले एकच मानायचे, त्यासाठी ल्युसीनमध्ये डेसिमल डिजिट फिल्टर तयार आहे.

तीन सोपे उपाय आणि ते का फसतात

पहिला सोपा उपाय म्हणजे ‘सगळे शब्द हवेत’ ही अट काढणे. शून्य निकाल लगेच जातात, कारण ‘पक्षी’ हा शब्द जसाच्या तसा बऱ्याच लेखांत आहे. पण मग माळरानावरचे, जंगलातले, पिंजऱ्यातले सगळे पक्षी येतात आणि किनाऱ्यावरचा लेख त्या गर्दीत कुठेतरी. ‘किनारा’ या अंगाने त्याला एकही गुण मिळालेला नसतो. शून्य निकालांचे प्रमाण घटले म्हणून कोणी समाधान मानत असेल, तर मोजमापच चुकीचे निवडले आहे.

दुसरा उपाय: मराठीला जवळचा म्हणून हिंदीचा तयार ॲनालायझर, म्हणजे मजकुरावर क्रमाने चालणाऱ्या नियमांचा संच, लावणे. लिपी तीच, तेव्हा हरकत काय? हरकत अशी. ल्युसीनमधला हिंदी नॉर्मलायझर हलन्त काढतो, जॉइनर काढतो, ऱ चा र करतो, दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करतो, आणि चंद्राची मात्रा करतो. त्यामुळे ‘किनाऱ्यावर’ची चारही रूपे ‘किनारयावर’ होऊन एकत्र येतात, हे खरे. पण त्याच वेळी ‘बॅट’चे ‘बेट’ होते, ‘कॉट’चे ‘कोट’, ‘बॉल’चे ‘बोल’. सुत आणि सूत, दिन आणि दीन एक होतात. किनाऱ्याविषयी शोधताना बेटांच्या लेखांत क्रिकेट घुसले तर दोष या नियमाचा. पुढचा हिंदी स्टेमर, म्हणजे प्रत्यय काढणारा भाग, हिंदीच्या प्रत्ययांसाठी लिहिलेला आहे. त्याला आपले साठी, पासून, वरचे, मधल्या हे काही ठाऊक नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. हिंदीत बहुतेक वेळा सुटा असतो. हा फरक लिपी बघून कळत नाही.

तिसरा उपाय मुद्दाम कोणी करत नाही, तो कोडमध्ये आधीच दडलेला असतो: ॲक्सेंट काढणारे फंक्शन. युरोपीय भाषांसाठी लिहिलेले हे फंक्शन मजकूर सुटा करते आणि युनिकोडने ‘नॉन-स्पेसिंग मार्क’ ठरवलेली चिन्हे टाकून देते. देवनागरीत त्या वर्गात उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू, नुक्ता आणि हलन्त येतात. काना, वेलांट्या, ओ, औ आणि विसर्ग मात्र ‘स्पेसिंग’ वर्गात, म्हणून ते वाचतात. निकाल: ‘शेत’चे ‘शत’, ‘फूल’चे ‘फल’, ‘पक्षी’चे ‘पकषी’. गूगलच्या बर्ट या भाषिक मॉडेलच्या २०१८ च्या बहुभाषिक ‘अनकेस्ड’ आवृत्तीचा टोकनायझर नेमके हेच करतो. मराठीसाठी ते मॉडेल घेऊ नये, त्याचे ‘केस्ड’ भावंड घ्यावे.

याच जातीचा आणखी एक दोष सूचनापट्टीत किंवा हायलाइट करणाऱ्या कोडमध्ये असतो. पायथनच्या साध्या ‘री’ मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह अक्षरे-अंक पकडते, पण काना-मात्रांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘मराठी’चे दोन तुकडे पडतात: ‘मर’ आणि ‘ठ’. पायथनच्याच सायकिट-लर्न या लायब्ररीतल्या काउंट व्हेक्टरायझरचा डीफॉल्ट नमुना याच चिन्हावर उभा आहे आणि दोन अक्षरांहून लहान तुकडे टाकून देतो, म्हणून तिथे ‘मराठी’चे फक्त ‘मर’ उरते. मुख्य शोध बरोबर चालतो आणि ‘तुम्हाला हे म्हणायचे आहे का’ या ओळीत मात्र अगम्य तुकडे दिसतात, तेव्हा संशय इथे घ्यावा. ल्युसीनचा स्टँडर्ड टोकनायझर युनिकोडचे शब्दसीमेचे नियम पाळतो, त्याच्यात हा दोष नाही.

प्रत्यय सोलणे: खरे काम इथे आहे

अक्षरे सरळ झाली तरी ‘किनाऱ्यावरचे’ आणि ‘किनाऱ्यावरील’ वेगळेच राहतात. मराठी शब्द बाहेरून आत असा सोलावा लागतो. सर्वांत बाहेर जोर देणारे च, ही, सुद्धा. त्यांच्या आत चा-ची-चे-च्या-चं आणि ला-ने-नी-शी-त-हून. मग शब्दयोगी अव्यये: वर, खाली, साठी, पासून, पर्यंत, मुळे, कडे, बद्दल. हे दोन थर अदलाबदलीनेही येतात: ‘किनाऱ्यावरचे’मध्ये चे बाहेर, ‘त्यांच्यासाठी’मध्ये साठी बाहेर. म्हणून एकदाच सोलून भागत नाही. काहीच निघत नाही तोवर, पण जास्तीत जास्त तीन-चार फेऱ्या, असा नियम ठेवावा. सर्वांत आत उरते सामान्यरूप, आणि त्याच्यावरचा अनेकवचनी अनुस्वार.

आपल्या शब्दावर हे असे चालते: किनाऱ्यावरचे, मग ‘चे’ काढून किनाऱ्यावर, ‘वर’ काढून किनाऱ्या, सामान्यरूपाचा ‘ऱ्या’ र वर आणून किनार. दुसरीकडे ‘किनारा’चा काना आणि ‘किनारे’ची मात्रा काढली की तेही किनार. शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांसाठी ही सगळी ‘शेतकर’ वर येतात. ‘शेतकर’ हा शब्द नाही म्हणून बिथरायचे कारण नाही. मूळ रूप अर्थपूर्ण असण्याची गरज नसते. सगळी रूपे एकाच ठिकाणी आली आणि परकी रूपे तिथे आली नाहीत, एवढेच बघायचे.

ही दुसरी अट जड जाते. ‘वारा’, ‘वारी’ आणि ‘वार’ तिन्ही ‘वार’ होतात. ‘अपघात’मधला शेवटचा त हा प्रत्यय समजून काढला जातो आणि उरते ‘अपघ’. पण ‘अपघातात’मधून एक त निघाल्यावर उरते ‘अपघात’. एकाच शब्दाची दोन मुळे झाली आणि ‘अपघात’ शोधणाऱ्याला ‘अपघातात’ असलेला लेख दिसेनासा झाला. फेऱ्यांची संख्या वाढवून हे सुटत नाही, दुसरीकडे फाटते. यावर संरक्षित शब्दांची यादी हाच उपाय: अपघात, प्रभात, वरात असे शब्द, आणि सोलताना मध्येच यादीतला शब्द हाती लागला तर तिथेच थांबायचे. दुसरी मर्यादा लांबीची. मागे किमान दोन अक्षरे उरली पाहिजेत, आणि ही अक्षरे मोजायची, कोडपॉइंट नाही. ‘शेत’ तीन कोडपॉइंटचे आहे, अक्षरे दोन. त काढला तर एकच ‘शे’ उरतो, म्हणून थांबायचे. ‘सोने’मधला ने, ‘पाने’मधला ने याच नियमाने वाचतात.

नियमात न बसणारी सामान्यरूपे हाताने लिहावी लागतात. पाऊस-पावसा, कापूस-कापसा, माणूस-माणसा, भाऊ-भावा, देऊळ-देवळा. ‘मुला’ हे मुलगा आणि मूल या दोघांचेही सामान्यरूप, तिथे दोन्हीकडे पाठवावे. फूल-फुला, विहीर-विहिरी, पीक-पिका यांत उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. सोलून झाल्यावर मुळातला शेवटून दुसरा दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व केला की ही जोडी जुळते. हिंदी नॉर्मलायझरसारखे शब्दभर ऱ्हस्व करायची गरज नाही. ही यादी कंटाळवाणी आहे, पण मर्यादित आहे. क्वेरी लॉगमधले, म्हणजे वाचकांच्या शोधांच्या नोंदीतले, सर्वाधिक येणारे शब्द घेऊन बसले तर ती लवकर उपयोगाची होते. हे सगळे लिहायला जावा यायलाच हवी असे नाही: क्रमाने लावलेले पॅटर्न रिप्लेस फिल्टर, अपवादांसाठी स्टेमर ओव्हरराइड, संरक्षणासाठी कीवर्ड मार्कर, आणि पॅटर्न रिप्लेस ती कीवर्डची खूण स्वतः पाळत नसल्याने त्याला खूण नसलेल्या टोकनांपुरता बांधणारा कंडिशनल फिल्टर, एवढ्यावर पहिली आवृत्ती उभी राहते. अक्षरे मोजण्याचा नियम मात्र पॅटर्नमध्येच, व्यंजन-स्वरचिन्हांचा गट करून लिहावा लागतो.

आता क्वेरीतला दुसरा शब्द. ‘पक्षी’ दिसायला निरुपद्रवी. पण पक्षी-पक्ष्यांना आणि पक्ष-पक्षांना या दोन्ही जोड्या सरळ सोलल्या तर ‘पक्ष’ वर येतात, आणि किनाऱ्यावरच्या पाखरांच्या शेजारी राजकीय पक्षांची अधिवेशने येऊन बसतात. अपवाद यादीत लिहायचे की ‘पक्ष्या’ हे रूप ‘पक्षी’कडे जाईल आणि ‘पक्षा’ हे ‘पक्ष’कडे. इथे भाषा आपल्या बाजूने आहे, लिहिणारे नेहमी नसतात. ‘पक्षांचे स्थलांतर’ असे पाखरांबद्दल लिहिणारे पुष्कळ. तेवढे प्रसंग शब्दाच्या पातळीवर सुटत नाहीत, आजूबाजूचे शब्द बघणारी पद्धत लागते.

समासाचे काय? ‘समुद्रकिनार’मधून ‘किनार’ वेगळे काढायला शब्दकोशावर चालणारा समास-फोडणारा फिल्टर आहे. त्याला मोकळे सोडले तर ‘राजकारण’चे राज आणि कारण होते, ‘सागरगोटे’चे सागर आणि गोटे. म्हणून शब्दकोश लहान आणि हाताने निवडलेला ठेवावा, स्टेमरच्या नंतर लावावा, आणि त्यातले शब्दही सोललेल्या रूपातच लिहावेत. यादीत ‘किनारा’ लिहिले आणि टोकन ‘समुद्रकिनार’ असले तर काहीच जुळणार नाही. बराच वेळ खाणारी ही चूक आहे.

फील्ड तीन, गुण एकदाच

एवढे नियम एकाच फील्डवर लादले की अचूक शोधणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून तोच मजकूर तीन फील्डमध्ये ठेवावा. काटेकोर फील्डमध्ये फक्त अक्षरांची दुरुस्ती. दुसऱ्यात सोललेली मुळे. तिसरे सैल: तिथे ऱ चा र, हलन्त काढलेला, ‘किनार्यावर’ इथे जुळते आणि दर्या-दऱ्यांची सरमिसळही इथेच कोंडलेली राहते. सुरुवातीला वजने ४, २ आणि अर्धा अशी धरून लॉगवर तपासत जावे. तिन्ही फील्डच्या गुणांची बेरीज न करता सर्वाधिक गुण घ्यावा. नाहीतर एकाच जुळणीचे श्रेय तीनदा मिळते.

वेगळी रूपे क्वेरीच्या वेळी ‘किंवा’ लावून जोडण्याचा मोह होतो. त्यात एक गणिती खोच आहे. बीएम२५ दुर्मीळ शब्दाला जास्त वजन देते, आणि ल्युसीनमध्ये ते वजन ln(१ + (एकूण − आढळ + ०.५) / (आढळ + ०.५)) असे निघते. समजा १०,००० लेख आहेत, ‘किनाऱ्यावर’ शुद्ध रूपात ९०० लेखांत आणि रफाराच्या रूपात ९ लेखांत. पहिल्याचे वजन साधारण २.४१, दुसऱ्याचे ६.९६. म्हणजे अशुद्ध लिहिलेल्या लेखाला जवळपास तिप्पट मान. वर आलेला लेख चुकीच्या शुद्धलेखनामुळे वर आला आहे, हे बाहेरून कोणालाच कळत नाही. रूपे इंडेक्स करतानाच एक केली की प्रश्न मिटतो. क्वेरीतच करायचे असेल, तर ती एकाच जागेवरचे समानार्थी म्हणून द्यावीत. तेव्हा ल्युसीन त्यांना एकच शब्द धरून मोजते.

ॲनालायझर बदलला की पूर्ण पुनर्इंडेक्स लागतो. जुन्या इंडेक्समध्ये जुनीच टोकने असतात, आणि नवी क्वेरी त्यांच्यावर आपटून कालपर्यंत सापडणारेही सापडेनासे होते. नवा इंडेक्स शेजारी बांधावा, तपासावा, मग उपनाव, म्हणजे सर्च ज्या नावाने इंडेक्सला हाक मारतो ते, त्याच्याकडे वळवावे.

आता व्हेक्टर

इथवर आल्यावर एआयवाल्या सूचनेची वेळ होते, आणि तिचे खरे काम दिसते. ‘खाजणात उतरलेले रोहित’ (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) या लेखात पक्षी हा शब्द नाही, किनारा नाही. कुरव, सुरय, चिखल्या या पक्ष्यांबद्दलची टिपणेही तशीच. शब्द जुळवून ती कधीच येणार नाहीत. मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, मांडून त्याच्या जवळिकीवर चालणारा व्हेक्टर शोध ती आणू शकतो, आणि ‘पक्षांचे स्थलांतर’ पाखरांचे की आमदारांचे हेही भोवतालावरून बऱ्यापैकी ओळखतो.

पण व्हेक्टर मॉडेलपुढे जाणारा मजकूरही त्याच अक्षरदुरुस्तीतून गेलेला हवा. जॉइनरवाला ‘किनार्‍यावर’ आणि ऱ चा ‘किनाऱ्यावर’ यांचे मॉडेलचा टोकनायझर वेगवेगळे तुकडे करू शकतो. उलट सोललेली मुळे मॉडेलला कधीही देऊ नयेत. ‘किनार’, ‘शेतकर’ असले शब्द त्याने वाचलेले नसतात. बर्टच्या घराण्यातली बरीच मॉडेले ५१२ टोकनांपलीकडचे कापून टाकतात, तेही कुठलीही तक्रार न करता, आणि देवनागरी शब्दाचे तुकडे जास्त पडत असल्याने ही मर्यादा मराठी लेखात लवकर गाठली जाते. लेख परिच्छेदांवर तोडावा, प्रत्येक तुकड्याला मथळा जोडावा.

शब्दशोध आणि व्हेक्टर यांच्या याद्या एकत्र करण्यासाठी २००९ साली मांडलेली रेसिप्रोकल रँक फ्यूजन ही पद्धत सर्रास वापरतात: प्रत्येक यादीतल्या क्रमांकासाठी १ / (६० + क्रमांक) एवढे गुण, आणि त्यांची बेरीज. आता अक्षरांची दुरुस्ती न करता हीच पद्धत लावली असती तर काय झाले असते ते पाहा. आपला लेख व्हेक्टरच्या यादीत पहिला आला, पण शब्दांच्या यादीत नाहीच. गुण १/६१, म्हणजे ०.०१६४. दुसरा एखादा जेमतेम संबंध असलेला लेख दोन्ही याद्यांत चाळिसावा आहे. त्याचे गुण १/१०० + १/१००, म्हणजे ०.०२००. तो वर जाईल. हायब्रिड शोध एका बाजूची चूक झाकेल अशी अपेक्षा असते. इथे तो एका यादीत नसलेल्या लेखाला शिक्षा देतो. या निकालांवर उत्तर लिहिणारे भाषिक मॉडेल बसवले तर पहिल्या चार-पाच तुकड्यांत नसलेला लेख त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो, आणि उत्तर मात्र तितक्याच ठामपणे येते.

स्कॅनचे अंक

ओसीआरच्या मजकुरात अडचण वेगळ्या जातीची. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, गळलेले अनुस्वार, तुटलेली जोडाक्षरे. टेसरॅक्ट या खुल्या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठीचे मॉडेल आहे. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली असेल तर आधी स्कॅन सुधारावा, मॉडेलला दोष देऊ नये. जुन्या अंकांत १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे अनुस्वार असतात: नाहीं, कांहीं, आतां, घरांत. ते चुकीचे वाचलेले नाहीत, तसेच छापलेले आहेत. दाखवण्याच्या मजकुरात ते तसेच ठेवावेत, सैल फील्डमध्ये अनुस्वार काढावा. पीडीएफमधून मजकूर काढताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आलेली दिसली, किंवा रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला दिसला, तर फाइलमध्ये अक्षरांऐवजी आकारांचा क्रम आहे असे समजावे. अशा पानांना कन्व्हर्टर जोडत बसण्यापेक्षा पान चित्र म्हणून ओसीआरला देणे पुष्कळदा स्वस्त पडते.

तपासणी

दोन प्रकारच्या चाचण्या वेगळ्या ठेवाव्यात. पहिली यांत्रिक: एकाच क्वेरीची चार रूपे पाठवायची. पहिल्या तीन रूपांनी अगदी तेच निकाल त्याच क्रमाने दिले पाहिजेत. चौथ्याने तेच लेख आणले पाहिजेत, क्रम बदलला तर चालेल. ही चाचणी प्रत्येक बदलानंतर आपोआप चालावी, कारण कोणीतरी ‘स्वच्छतेसाठी’ फिल्टरचा क्रम बदलतो आणि जॉइनर पुन्हा आधी उडतो.

दुसरी माणसांनी ठरवलेली. लॉगमधून ५० क्वेरी घ्याव्यात. टीआरईसी या शोधप्रणाली मोजणाऱ्या परिषदेच्या स्पर्धांमध्येही वर्षाला साधारण इतकेच विषय देत आले आहेत. त्यातल्या निम्म्या तरी लोक फार विचारत नाहीत अशा असाव्यात. प्रत्येकीच्या पहिल्या दहा निकालांना ० ते ३ गुण दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत. गुण देताना यादीत जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रणालींचे निकाल मिसळलेले हवेत, नाहीतर नव्या प्रणालीने पहिल्यांदाच आणलेला लेख ‘न तपासलेला’ म्हणून शून्यात जातो. वाऱ्या-वारीसारखी टक्कर, पक्ष-पक्षी, राजकारण-कारण यांच्या क्वेरी त्या ५० मध्ये मुद्दाम घालाव्यात. मराठीसाठी तयार चाचणीसंच हवा असेल तर २००८ पासून सुरू झालेल्या फायर या भारतीय भाषांतल्या शोधाच्या चाचणी-उपक्रमात मराठीचा संग्रह आणि क्वेरी आहेत. तो वृत्तपत्री मजकूर आहे, त्यामुळे ओसीआर आणि जुन्या लेखनाच्या अडचणी त्यात तपासता येत नाहीत. त्या आपल्याच संग्रहातून काढाव्या लागतात.